शेवटी दादाचा नंबर

आमच्या घरात बोलणं म्हणजे ओरडणं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मध्ये एक पडदा, आणि दुकानातलं पप्पांचं धार लावायचं चाक सकाळी सुरू झालं की दुपारच्या जेवणापर्यंत थांबायचं नाही. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांच्या सुऱ्या, घरोघरच्या विळ्या, नारळवाल्यांचे कोयते. बिबवेवाडीत जे जे कापतं ते एकदा तरी आमच्या उंबऱ्यातून आत यायचं. चाकाला लोखंड लागलं की जो आवाज निघतो तो कानात शिरत नाही, दातांत शिरतो. आई पोळ्या लाटताना ओरडून विचारायची, पप्पा ठिणग्यांतून ओरडून उत्तर द्यायचे, आणि नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं की या घरात खून पडतोय. लोखंडाची काळी भुकटी सगळीकडे असायची. उशीवर, देवाच्या पितळेवर, ताकाच्या भांड्यावर घातलेल्या फडक्यावर. मटकीच्या उसळीत एखादा कण दाताखाली आला की आम्ही कोणी काही बोलत नसू. बोललं की पप्पा म्हणायचे, "बापाचं कष्ट हाय ते. गिळ."

पप्पांचा हातही तसाच होता. ते मूळचे लोणी काळभोरचे. सायकलवर चाक बांधून पुण्यात आले, दारोदार पायडल मारून धार लावली आणि त्यातून हे दुकान केलं. त्यांना राग आला की हात आधी सुटायचा, शब्द मागून यायचे. त्यांच्या थपडेची खूण लाल नसायची, काळी असायची. गालावर पाच बोटं भुकटीने उमटायची आणि ती साबणानेही लगेच निघायची नाहीत. मी अकरावीत असताना एकदा तसाच गाल घेऊन कॉलेजला गेले, तर मैत्रिणीने विचारलं, "हा कुठला फिल्टर?" मी हसले. तेव्हा आम्ही सगळ्याच गोष्टींना हसायचो. त्या थपडेबद्दल मी पप्पांना अजून माफ केलेलं नाही, आणि ते गेले त्याला आता किती वर्षं झाली ते मोजावं लागेल.

कॉलेजात आमच्या बाकावर एकीलाही दहा ते सहाची नोकरी नको होती. एक मुलगी कधी न गेलेल्या हॉटेलांची तोंडभर स्तुती लिहून द्यायची आणि त्याला 'कंटेंट' म्हणायची. दुसरी घरबसल्या परदेशातल्या कुणाच्या तरी दुकानाची पत्रं टंकायची. ते दुकान कशाचं आहे हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. माझा मोठा भाऊ नितीन, म्हणजे दादा, कॉलेज सोडून एका ॲपसाठी पाठीवर चौकोनी पिशवी लावून जेवणं पोचवायचा. त्याला ते काम फार आवडायचं. "मालकच नाही गं," तो म्हणायचा. "कुणाचं तोंड बघायला नको. मोबाइल उघडला की कामावर, मिटला की घरी." पप्पा हे ऐकून चाक थांबवायचे, म्हणजे मोठीच गोष्ट. "मालक न्हाई म्हंजे उद्या हाकलला तर भांडायचं कुनाशी? त्या मोबाइलशी?" दादा माझ्याकडे बघून डोळा मारायचा. मला पप्पांचं तेव्हा हसू यायचं. माणूस चाकापलीकडे बघतच नाही, असं वाटायचं.

माझं स्वतःचं काम याहून पुढचं होतं, निदान माझा तसा समज होता. दादाने हप्त्यावर घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर, पडद्यामागे जमिनीवर बसून, मी वाढदिवसाचे व्हिडिओ बनवायचे. त्या वेळी आमच्या भागात प्रत्येक गल्लीला एक भाऊ होता आणि प्रत्येक भाऊचा वाढदिवस हा सार्वजनिक उत्सव होता. चौकात फ्लेक्स, रस्त्यात गाडीच्या बॉनेटवर केक, तो कोयत्याने कापायचा, आणि मग वाढदिवस ज्याचा त्यालाच सगळ्यांनी मिळून तुडवायचं. पट्ट्याने, लाथांनी, अंडी फोडून. याला प्रेम म्हणत. आदल्या वर्षीचं हे सगळं चित्रण माझ्याकडे यायचं आणि त्यातून मी एक मिनिटाचा व्हिडिओ करायचे, जो त्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या स्टेटसला लागायचा. माझी कामाची पद्धत अशी की चित्र अगदी हळू करायचं, लाथ नेमकी कुठे बसते ते बघायचं आणि तिथे ढोलाचा ठोका टाकायचा. पट्टा पाठीला लागला, ठोका. डोकं बॉनेटवर आपटलं, दोन ठोके. माणसाचं तोंड मार बसायच्या आधी कसं होतं आणि बसल्यावर कसं होतं हे मी एकोणिसाव्या वर्षी डॉक्टरांपेक्षा जास्त पाहिलं होतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटत नव्हतं. ठोका जुळला की आनंद व्हायचा.

गिऱ्हाईकं दादा आणायचा. जेवणं पोचवता पोचवता त्याची सगळ्या गल्ल्यांत ओळख झाली होती. आणि व्हिडिओच्या शेवटी, 'असे व्हिडिओ बनवून मिळतील' याच्या खाली, नाव-नंबर दादाचा असायचा. तो माझा असता कामा नये यावर घरात एकदाच बोलणं झालं होतं. पप्पांना माझ्या कामाचा सुगावा लागला त्या दिवशी त्यांनी लॅपटॉप उचलून चाकाखाली धरला होता. नुसता धरला होता, पण चाक फिरत होतं. आई मध्ये पडली. "अहो, शिकतेय ती काहीतरी. घरातच बसून आहे ना?" पप्पा लॅपटॉप खाली ठेवत म्हणाले, "कर काय करायचं ते. पन पोरीचं नाव न्हाई, पोरीचा नंबर न्हाई, पोरीचा आवाज न्हाई. बाहेर कुनाला कळलं तर तंगडी तोडीन." दादा लगेच म्हणाला, "माझा टाकू. त्यात काय." मला ते सोयीचंच वाटलं. गिऱ्हाइकांच्या शिव्या त्याने खायच्या आणि काम मी करायचं. आमच्याकडच्या कुठल्याही घरात हेच ठरलं असतं.

त्या वर्षी सागर आणि बंटी या दोघांचे वाढदिवस चार दिवसांच्या अंतराने आले. सागर चौकातल्या पोरांचा, बंटी मागच्या गल्लीतल्या. दोघांचं एकमेकांशी फार काही वाकडं नव्हतं. एकाच ढाब्यावर जेवायचे. सागरच्या व्हिडिओवर मी जीव ओतला. पेटलेल्या रस्त्यावरून वाघ चालत येतो, आणि एक भारदस्त आवाज म्हणतो, "इथं एकच नाव चालतं." मग काळोख, मग आगीतून सागरचं नाव. तो आवाज मी इंटरनेटवरच्या कुणा अनोळखी माणसाकडून खास बोलून घेतला होता. व्हिडिओ इतका फिरला की दादाचा फोन गरम झाला. त्यातच बंटीची ऑर्डर आली आणि माझी परीक्षाही. मी काय करावं? सागरचा व्हिडिओ उघडला, फोटो बदलले, नाव बदललं. वाघ तोच, आग तीच, आवाज तोच. दादाने विचारलं, "सारखा नाही ना वाटणार?" मी म्हटलं, "सगळे तसेच करतात. त्याला टेम्पलेट म्हणतात." इंग्रजी शब्दापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नसे.

मी बंटीचा व्हिडिओ करत होते त्याच सकाळी एक मुलगा नवाकोरा कोयता घेऊन दुकानात आला. भुवईच्या मधोमध वस्तऱ्याने काढलेली चीर. "मामाची रसवंती आहे स्वारगेटला. ऊस तोडायला पाहिजे," तो म्हणाला. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि मला हसू आलं, कारण त्याच क्षणी माझ्या समोर लॅपटॉपवर तोच मुलगा, त्याच भुवईने, बंटीच्या पाठीत लाथ घालत थांबून राहिलेला होता. ऊसबीस काही नाही, केक कापायला नेत असणार. एक शब्द बोलले असते तर पप्पांनी कोयता परत दिला असता. असल्या पोरांची कामं ते घेत नसत. पण मग विचारलं असतं, तुला कसा माहीत हा पोरगा? मी गप्प राहिले. पप्पांनी मन लावून धार लावली. त्यांची एक खोड होती. टोकाकडची दोन बोटं जागा ते चाकावर घेत नसत. ती हाताने, तेलाच्या दगडावर, सावकाश. मग अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून बघत. तो मुलगा गेल्यावर आत बघून म्हणाले, "हे काम. डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. तुझ्यासारखं न्हाई." मी मान डोलावली आणि वाघाचा आवाज थोडा वाढवला.

बंटीच्या वाढदिवसाच्या सकाळी व्हिडिओ लागला आणि तासाभरात त्याखाली हसणं सुरू झालं. कुणीतरी दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून टाकले. एकाने लिहिलं, "बंटीभाऊंनी सागरभाऊंचं उष्टं खाल्लं." बस, तेवढंच. त्यानंतर दिवसभर प्रत्येकाने फक्त तो एक शब्द लिहिला. उष्टं, उष्टं, उष्टं. चौकातल्या पोरांनी बंटीच्या फ्लेक्ससमोर उष्टी पत्रावळ नेऊन ठेवली आणि तिचाही फोटो टाकला. मी ते सगळं वाचत होते. मला वाटलं की फार तर बंटी आणि सागर आपसात मारामारी करतील. आपलं काय जातंय?

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने वांग्याचं भरीत आणि भाकरी केली होती. दादा जेवून दुकानाच्या पायरीवर बसून बूट घालत होता, हातात मोबाइल, पाठीवर पिशवी. पप्पा चाकावर होते, पाठ रस्त्याकडे. मी पडद्यामागे ताट उचलत होते. बाहेर गाड्या थांबल्या आणि एक आवाज आला, "शेवटी नंबर आहे तो नितीन कोण?"

"मी," दादा म्हणाला. "काय पाहिजे?"

"बंटीभाऊंचा व्हिडिओ तू बनवला?"

मी पडद्याला हात लावला. खरं सांगते, लावला होता. कापड मुठीत होतं. दादाने एकदा मान वळवून पडद्याकडे पाहिलं. मी त्याला दिसत नव्हते, पण माझे पाय खाली दिसत असणार. मग तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, "हो. मीच बनवला. चुकलं असेल तर नवीन बनवून देतो भाऊ, त्यात काय."

पुढचं सगळं फार थोड्या वेळात झालं. पोरं तीन होती. एकाने दादाच्या पाठीवरच्या पिशवीला धरून मागे ओढलं, तो उताणा पडला, दुसऱ्याने तोंडावर लाथ घातली. ती लाथ कुठे बसली ते मला नेमकं दिसलं; माझ्या डोळ्यांना तीच सवय होती. नाकाच्या बाजूला, वरच्या ओठावर. दात पायरीवर पडला. दादाने तोंड वाचवायला उजवा हात वर केला, त्यात मोबाइल तसाच होता, आणि चिरलेल्या भुवईच्या मुलाने कोयता मारला. कोयता बसल्यावर आवाज होत नाही. मी इतके ठोके टाकले होते, पण खरा आवाज मला माहीत नव्हता. आई दुधी चिरते तेवढाच येतो. मोबाइलची काच फुटल्याचाच आवाज मोठा आला. दादाची मधली दोन बोटं पायरीवर होती आणि तो ती डाव्या हाताने गोळा करायला बघत होता, जणू भाजीच्या पिशवीतून काही सांडलं होतं.

चाकाच्या आवाजात पप्पांना काहीच ऐकू आलं नव्हतं. माझी किंकाळी फुटली तेव्हा ते वळले. वळले आणि पुढे काय झालं ते मी आयुष्यात पुन्हा कुणाच्या बाबतीत पाहिलेलं नाही. त्यांनी त्या मुलाला मनगटाला धरून आत खेचलं. कोयता खाली पडला. बाकीचे दोघे गाड्यांकडे पळाले. पप्पांनी त्याची मान काखेत दाबली आणि त्याचं तोंड फिरत्या चाकाकडे नेलं. ते ओरडत नव्हते, शिव्या देत नव्हते. एखादी विळी घेतात तसा त्यांनी कोन धरला होता. मुलगा आईच्या नावाने रडत होता. त्याची चिरलेली भुवई चाकापासून एका बोटावर होती, कपाळावरचे केस चाकाला लागून जळल्याचा वास आला. मला वाटलं, लावा. मी मनात तेच म्हणत होते, लावा, लावा. आई मात्र मीटरच्या खोक्याकडे धावली आणि तिने मेन स्विच खाली ओढला. चाक लगेच थांबत नाही. ते बराच वेळ फिरत राहिलं, आवाज खाली खाली येत गेला, आणि पप्पा त्याची मान धरून उभेच राहिले. मग त्यांची नजर पायाशी पडलेल्या कोयत्यावर गेली. त्यांनी तो नीट पाहिला आणि मुलाला सोडून दिलं. का सोडलं ते तेव्हा मला कळलं नाही. तो पडत धडपडत गेला.

बोटं जोडता आली नाहीत. फडक्यात गुंडाळून नेली होती ती तशीच परत मिळाली. दादाचा मोडका मोबाइल मी घरी आणला. त्यावर ॲपचा निरोप येत होता की आपण आज कामावर आला नाहीत. मग दुसऱ्या दिवशी आणखी एक आला, मग तिसरा, आणि काही दिवसांनी खातं बंद झाल्याचा. दादाने रुग्णालयाच्या खाटेवरून डाव्या हाताने त्यांना लिहिलं की माझा हात तुटलाय. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. भांडायचं कुणाशी, हे पप्पांचं बोलणं मला आठवलं. पप्पांनी स्वतः मात्र ते पुन्हा काढलं नाही.

मारहाणीनंतर दुसऱ्या दिवशी आम्हाला चौकीत बोलावलं. आई दादापाशी होती, मला घरी एकटीला ठेवायचं नाही म्हणून पप्पांनी बरोबर नेलं. टेबलावर कोयता प्लास्टिकच्या पिशवीत होता. साहेबांनी जबाब लिहायला घेतला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे व्हिडिओ तुझा भाऊच बनवायचा ना?"

पप्पांचा हात बाकावर माझ्या हाताशेजारी होता. त्यांनी मला धरलं नाही, दाबलं नाही, खुणावलंही नाही. ते समोर बघत होते. मला बोलता आलं असतं. जास्तीत जास्त काय झालं असतं? नाव लिहिलं गेलं असतं, लोकांना कळलं असतं, मला स्थळं आली नसती. मी म्हटलं, "हो."

"बघा," साहेब पप्पांना म्हणाले, "कामधंदा सोडून मुलं हे करतात. तुम्ही काय करत होता इतके दिवस? धार लावत होता?"

"व्हय," पप्पा म्हणाले. मग पिशवीतल्या कोयत्याकडे बोट करून म्हणाले, "याला बी मीच लावली. टोकाला दोन बोटं दगडावरची हाय, बघा. माझी धार हाय ती. लिवा."

"तुम्हाला विचारलंय का कुणी ते?"

"न्हाई विचारलं. पन लिवा."

साहेबांनी वैतागून लिहिलं. पप्पांनी अंगठ्याऐवजी मोठ्या अक्षरांत सही केली, तिच्याभोवती भुकटीचा काळा डाग पडला. त्या दिवसानंतर त्यांनी कोयता हातात घेतला नाही. नारळवाले दारातून परत जायचे. मला त्यांनी पुन्हा कधी मारलं नाही, आणि ते मला मारापेक्षा जड गेलं.

मी ते काम सोडलं नाही. वाढदिवस सोडले, पण पुढे लग्नांचे, दुकानांचे, मग कंपन्यांचे व्हिडिओ करत गेले, लोक हाताखाली ठेवले, त्यावर माझं घर झालं, मुलगा मोठा होऊन त्याचंही लग्न झालं. ठोका जुळवणं मला येतच होतं. दादाला उजव्या हाताने गाडीची मूठ पिळता येत नव्हती. तो दुकानात बसायला लागला, पप्पांच्या मागे त्यानेच चाक चालवलं, विळ्या आणि कात्र्या, तीन बोटांनी. आमच्यात त्या दुपारचा विषय एकदाच निघाला. मी म्हटलं, "दादा, तू हो का म्हणालास?" तो म्हणाला, "नंबर माझाच होता ना," आणि कात्री नखावर टेकवून बघायला लागला. मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. मला राग आला. इतक्या सहज कसं म्हणतो हा, आणि मी काय करायचं मग आयुष्यभर?

गेल्या महिन्यात दादा गेला. दहाव्याला लोणी काळभोरहून सगळे चुलत भाऊ आले होते. पंगतीत एकजण माझ्या सुनेला सांगत होता, "लई गुणी मानूस. पन तरनेपनी त्या व्हिडिओच्या नादानं बोटं घालवली बगा." बाकीचे माना हलवत होते. मी भाजीचं पातेलं घेऊन त्याच्यासमोरच उभी होते. तेव्हाही मी म्हटलं, "भाजी वाढू?"

त्याने ताट पुढे केलं आणि मी वाढली. घरी येऊन हे लिहायला बसले. मला कुणी विचारलेलं नाही, पप्पांनाही विचारलं नव्हतं. तरी लिहिते. दादाला व्हिडिओ बनवता येत नव्हता. त्याला लॅपटॉप धड उघडताही येत नसे. तो व्हिडिओ मी बनवला होता.